झाडूला पाय लागला

भाच्याच्या रिसेप्शनला आम्ही त्या पंचतारांकित हॉटेलात गेलो होतो. मालकांनी देशोदेशींहून स्वतःसाठी जमवलेली आधुनिक कला लॉबीभर मांडलेली. लिफ्टच्या वाटेवर, गुळगुळीत फरशीवर, कुणा परदेशी कलावंताने शंभरेक झाडू आडवे पसरून ठेवले होते. भोवती दोरी नाही, काही नाही; नुसती एक पितळी पाटी.

माझ्या आत्याचा पाय त्यातल्या एका झाडूला लागला. ती जागीच थांबली, वाकली, झाडूला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. तेवढ्यात काळ्या कोटातला रखवालदार धावत आला.

"आजी, हात लावायचा नाही. कलाकृती आहे ती."

"पाय लागला तेव्हा गप्प होतास," आत्या म्हणाली. "नमस्कार केला तर ओरडतोस होय रे?"

मला आधी लाजच वाटली, खोटं कशाला बोलू? पण मग पाटी वाचली. श्रमाची प्रतिष्ठा वगैरे लिहिलं होतं. सकाळपासून कितीजण मान तिरकी करून बघून गेले असतील, फोटो काढून गेले असतील. ती प्रतिष्ठा त्या झाडूला दिली कुणी? एवढ्या मोठ्या लॉबीत एकच खरी रसिक आली, आणि नेमकं तिलाच हटकलं!

आत्या लिफ्टकडे निघाली. रखवालदार माझ्याकडे बघत उभा होता. मी त्याच्यादेखत चप्पल काढली, वाकले आणि झाडूला नमस्कार केला.

माझा तर पायही लागला नव्हता.