हात लाव गो

पूर्णगडहून येणारी आमची मासेवाली आपल्याच मासळीला नावं ठेवते. "बांगडे असेतसेच हायत, घेऊ नको," म्हणते आणि ताजे तेवढे निवडून पुढ्यात टाकते. तिच्या फेरीत पहिलं घर आमचं. भरलेली पाटी डोक्यावरून उतरवायला दुसऱ्याचा हात लागतोच, म्हणून फाटकातून हाक यायची, "वैनी, हात लाव गो."

गेल्या वर्षी मला सायटिका झाली. कमरेतून निघालेली कळ थेट टाचेत उतरायची. आळीतल्या प्रत्येकीने कुठलं ना कुठलं तेल सुचवलं. हिने काहीच विचारलं नाही. फक्त हाक बंद झाली. ती पाटी एकटीच कशीबशी कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर सरकवायची आणि मला वाकावं लागू नये म्हणून बांगडा माझ्या नाकासमोर धरायची.

व्यायामाने कळ हळूहळू गेली, पण वाकायची भीती राहिली. पाण्याची बादलीसुद्धा नवराच उचलायचा.

परवा ती बरीच उशिरा आली. गडग्याकडे न वळता माझ्यासमोरच उभी राहिली.

"हात लाव गो."

"मावशी, माझी कंबर..."

"लाव."

मी हात लावला. पाटीबरोबर खाली वाकले आणि कळेची वाट बघत तशीच थांबले. कळ आली नाही.

पाटीत जेमतेम चार बांगडे होते. त्या दिवशी सगळी आळी फिरून ती आमच्याकडे शेवटी आली होती.

"उरलेसुरले हायत," ती म्हणाली, "घेऊ नको."

मी चारही घेतले.