विमलबाई आणि बाजाराची जागा

विमलबाई गेल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, "आजी, त्या नगरसेविका म्हणजे नेमकं काय करायच्या?" महिना झाला. आता शांतपणे उत्तर देते... जमलं तर.

विमलबाई म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, भाजीपाला पिकवणाऱ्या घरात दिलेली. आमच्या नगरपालिकेत सभा म्हणजे चहा येण्याआधी उरकायचं काम. लिपिक विषयाचा नुसता क्रमांक सांगायचा आणि सगळे "मंजूर, मंजूर" म्हणत बाकं वाजवायचे. विमलबाईही वाजवायच्या. अशीच एकदा त्यांनी आपल्याच वॉर्डातली आठवडी बाजाराची जागा दुकानांच्या संकुलासाठी मंजूर करून टाकली! भाजीवाल्या बायांनी दारात येऊन सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पुढच्या सभेत उभ्या राहिल्या. "थांबा. आधी पुरा विषय वाचा. काय मंजूर करून राह्यलो, थे समजू द्या."

अध्यक्ष हसले. "विमलताई, चहा थंडा होऊन राह्यला."

"होऊ द्या. बाया उन्हात बसून राह्यल्या, तुमचा चहा थंडा झाला त काय झालं?"

दोन-तीन सभा भांडून त्यांनी तो ठराव रद्द करून घेतला. बाजार वाचला. नगरसेविका हे करते, मुलांनो.

मग मुदत संपली. निवडणूक वर्षानुवर्षं लांबत गेली. प्रशासक आले, सभागृहाला कुलूप लागलं आणि संकुलाचा विषय पुन्हा निघाला. विमलबाई मला सोबत घेऊन प्रशासकांकडे गेल्या. साहेब फार सभ्य. "मॅडम, आता सभेचे अधिकार माझ्याकडेच आहेत. तुम्ही माजी आहात. निवेदन द्या."

"पण साहेब, भांडू कोणासंग? तुमच्या एकट्यासंग?"

साहेबांनी घंटी वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावलं. पावसाळ्याआधी बाजार हायवेच्या कडेला गेला. विमलबाई त्यानंतर खचत गेल्या. निवडणूक झाली, तेव्हा त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या.

परवा भाजीवाली कमलाबाई बाजाराचं गाऱ्हाणं घेऊन आमच्या ओसरीवर टेकली. रोज सकाळी विमलबाई इथेच येऊन बसायच्या आणि लोकांचं ऐकायच्या. मी म्हटलं, "नव्या नगरसेविकेकडे जा ना."

"गेलती नं. म्हणते, ह्यायले इचारा लागते."

"कोणाला?"

"नवऱ्याले. थोच जाते सभेले." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "बसू द्या घडीभर. विमलबाई असत्या, त ऐकलं असतं."

मी समोर बसले, सगळं ऐकून घेतलं. त्याचा काय उपयोग, हे तिनं विचारलं नाही...