रविवारची सभा
गुरुवार उजाडला की इथल्या कारखान्यांना सुट्टी असते, कंपन्यांच्या बस फिरकत नाहीत, आणि त्या शांततेतच माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. काही वर्षांपूर्वी, प्रभागात कोणतं काम व्हावं हे लोकांनीच ठरवून पालिकेला सुचवावं, असा उपक्रम एका संस्थेने घेतला होता आणि कासारवाडीतली सभा भरवायचं माझ्याकडे आलं. मी शिक्षक, सवयीने रविवार सकाळ ठरवून मोकळा झालो. हॉलमध्ये नव्या सतरंजीचा वास, आल्याचा चहा आणि सगळी आमच्याच सोसायट्यांमधली माणसं. तासाभरात बागेतला जॉगिंग ट्रॅक सर्वानुमते ठरला. आम्ही खुर्च्या आवरत होतो तेवढ्यात रेल्वेलाइनपलीकडच्या चाळीतला एक कामगार धापा टाकत आला, अंगावर ऑइलचे डाग पडलेला युनिफॉर्म, हातात न उघडलेला डबा. "हाफ डे टाकून आलोय सर, सुट्टी आमाला गुरुवारी असती," तो म्हणाला. "आमच्या बोळात दिवा न्हाई, पोरी क्लासवरून येताना भितात. तेवढं लिहा." मी म्हणालो, "पुढच्या वेळी नक्की घेऊ," आणि रजिस्टर पुढे सरकवलं, कारण ठराव मंजूर धरायला लागणाऱ्या सह्यांत एक कमी पडत होती. त्याने पँटला हात पुसले, ठरावाखाली सावकाश सही केली आणि वर मलाच थँक्यू म्हणाला. ट्रॅक झालाय, दोन्ही बाजूंना लख्ख दिवे आहेत. मी रोज तिथे चालतो, फक्त गुरुवारी तो येईल या भीतीने घरातच येरझाऱ्या घालतो.