गाणं लोकांचं होतं

अक्का गेल्याचं मला घरच्यांच्या फोनआधी एका फोटोनं सांगितलं. मी माजलगावला लेकीकडे गेले होते. मोबाईल वाजला... केजच्या दवाखान्यातली खाट, नाकात नळी, उघडं राहिलेलं तोंड, आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. चादर तोंडावर ओढायच्या आत कुणीतरी फोटो काढून घेतला होता. महिना उलटला, तरी तो फोटो अजून फिरतोच आहे.

सुभद्राक्का माझी नणंद. भीमगीतं गाणारी म्हणून केजपासून सिरसाळ्यापर्यंत तिला सगळे ओळखायचे. सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू व्हायचा तोही तिच्या गाण्यानं. तिची ओळ मागून उचलून झील धरायला मी असायचे. पदर कमरेला खोचून, डोळे मिटून ती गायची. फोटोचं तिला वावडं नव्हतं. कुणी मागितला तर "थांब बाबा, केस नीट करू दे," म्हणून हसत उभी राहायची.

मग तो दुष्काळ आला. कारखाना बंद पडला आणि त्याच्याच आवारात जनावरांची छावणी उघडली. गावात पाणी नव्हतं, म्हणून म्हशीला घेऊन आम्ही दोघी तिथंच पाल ठोकून राहायला गेलो. बायकांनी टँकरच्या मागं बांबूंना लुगडी बांधून आंघोळीपुरता आडोसा केला होता. एका सकाळी पेपरचा फोटोग्राफर आला. त्यानं विचारून म्हशीजवळ अक्काचा फोटो काढला. तिनं त्याला चहा पाजला. नंतर तो चाऱ्याच्या ट्रकवर चढला. आम्हाला वाटलं, छावणीचा फोटो घेत असेल...

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर अक्काची उघडी, ओली पाठ होती, आणि वळलेला अर्धा चेहरा. मथळा होता, 'काल मंचावर, आज छावणीत'. लोक हळहळले. पुढारी साडी घेऊन आले, सोबत पुन्हा कॅमेरे. अक्का पालातून बाहेर आलीच नाही. आतूनच म्हणाली, "उघड्या अंगाचा फोटू घरोघर वाटला, अन् आता साडी आणली व्हय?"

आम्ही दोघी बीडला त्या पेपरच्या कचेरीत गेलो. संपादकांनी उठून खुर्च्या दिल्या. म्हणाले, "ताई, त्या फोटोमुळं आपला दुष्काळ मुंबईला कळला. तुम्ही आता लोकांच्या आहात."

"गाणं लोकांचं हाय, साहेब," अक्का म्हणाली. "पाठ माझी हाय."

 माफीची एक ओळसुद्धा कधी छापून आली नाही. उलट त्या फोटोला बक्षीस मिळाल्याची बातमी आली, आणि बातमीसोबत तोच फोटो.

पुढच्या भीमजयंतीला ती गायला उभी राहिली. समोर मोबाईल वर झाले. दोन ओळी म्हणून तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. मी मागून झील धरून ठेवली, पण पुढची ओळ आलीच नाही. परतताना जीपमध्ये एवढंच बोलली, "कोण ऐकाया येतंय अन् कोण बघाया, कळंना झालंय." त्यानंतर ती गायली नाही. पुढं पाऊस पडला, कारखान्याचं धुराडं पेटलं, पण तिचा आवाज काही परतला नाही.

या लेखासाठी पुरवणीवाल्यांनी तिचा फोटो मागितला. मी दिला नाही. तरी ते कुठला छापतील, हे माझ्या हातात नाही...

परवा तिच्या घरी गेले. छावणीतून परतल्यावर तिनं पहिलं काम काढलं ते पक्क्या न्हाणीचं. उजेडापुरता एक झरोका ठेवू, असं गवंडी सांगत होता. तिनं ठेवू दिला नाही. वरच्या पत्र्याच्या फटीसुद्धा सिमेंटनं बुजवून घेतल्या. हातपाय धुवायला मी आत गेले, दार लावलं. भर दुपारी तांब्या चाचपडत शोधावा लागला.