समोरून येणारा गरम वारा

गल्लीत त्याला सगळे दमखा म्हणत. खरं नाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण पाटीवर तेलाचा इतका थर चढला होता की ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. गाडी आली की गिऱ्हाईक घाईघाईने रडगाणं सुरू करी आणि हा त्याला एवढंच सांगे, जरा दम खा. मग गाडी चालूच ठेवायची, बॉनेटला हात लावायचा नाही, स्टुलावर बसून चहा प्यायचा आणि वीस मिनिटं नुसतं ऐकायचं. तापणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. इतर मिस्त्रींनी हात टेकलेल्या गाड्या त्याच्याकडे येत. त्या दुरुस्त झाल्यावर तो त्या मिस्त्रींबद्दल जे काही बोले, ते त्यांच्या कानावर जात नसे हे त्याचं नशीब.

अशा माणसाला दोन महिने नाचवलं ते शिकवणाऱ्या बाईंच्या गाडीने.

बाई गाडी चालवायला शिकवत. त्यांच्याकडे एकच छोटी पांढरी गाडी होती, बाईंच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवलेली. दोन महिन्यांपूर्वी रेडिएटरमागचा पंखा जळला, म्हणून दमखाने पंख्याची नवी मोटर बसवली. पंखा फिरायला लागला, पण तापणं काही थांबेना. रस्त्यावर पळत असली की गाडी गुणाची, उभी राहिली की सात-आठ मिनिटांत काटा लाल रेषेवर. उभ्या गाडीला वारा पंखाच देतो, तेव्हा दोष पंख्याचा हे कोणीही सांगेल. पण पंखा तर फिरत होता. दमखाने तीनदा डोकावून पाहिलं आणि तिन्ही वेळा तो गरगर फिरत होता. मग त्याने थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं, रेडिएटर खोलून आतून धुऊन काढला. काटा आपला जिथल्या तिथे.

शेवटी बाईंनीच निदान केलं, की दोष शिकणाऱ्यांचा असणार. अर्धा क्लच दाबून इंजिन घुमवत बसतात, मग तापेल नाही तर काय होईल. आणि उदाहरण म्हणून त्यांनी नाव घेतलं ते नेमकं दमखाच्या बायकोचं.

तिला सगळी गल्ली काकू म्हणे. चोपन्नाव्या वर्षी तिने गाडी शिकायला घेतली होती. धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिच्याकडे जायला दोन बस बदलाव्या लागत. पण तेवढंच कारण नव्हतं. तीस वर्षं ती ज्याच्या कपड्यांचे ऑइलचे डाग घासत आली, तो गावभरच्या गाड्या चालवून बघत होता आणि ती मात्र कायम शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसलेली. पहिल्या परीक्षेत तिची गाडी चढावर बंद पडली. दुसऱ्या वेळी रांगेतच गाडीतून वाफा निघाल्या आणि परीक्षकांनी काचेतून हात हलवून गाडी परत पाठवली. आता शिकाऊ परवान्याची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. ह्या वेळी नाही जमलं तर आपण पुन्हा चालकाच्या सीटवर बसणार नाही, असं तिने जाहीर केलं होतं, आणि काकू एकदा बोलली की बोलली.

दुसऱ्या परीक्षेनंतर तिने जेवताना नवऱ्याला सांगितलं होतं, की रांगेत ती पाय मोकळे करायला खाली उतरली तेव्हा गाडीच्या पुढच्या जाळीतून तोंडावर गरम वारा येत होता. दमखा म्हणाला होता, अगं, इंजिन आहे ते, फ्रीज नाही. मग भात निवेपर्यंत त्याने तिला क्लच कसा धरावा हे समजावून सांगितलं. त्या दिवसापासून गाडीत बसली की ती आधी क्लचवरच्या डाव्या पायाकडे बघे.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी सकाळी बाई आणि काकू गाडी घेऊन गॅरेजमध्ये हजर झाल्या. दुपारी तीनला परीक्षा होती. दमखाने गाडी चालू ठेवली, स्टूल ओढलं, चहा मागवला. बाई फोनवर दुसऱ्या कोणाला तरी वळण समजावत बसल्या. काकू मात्र बसली नाही. हातात परीक्षेचा अर्ज घेऊन ती गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"अहो, इकडे या," ती म्हणाली. "चहा ठेवा आणि या."

तो गेला. आत पंखा सुरू झाल्याचा आवाज आला, तसा तिने अर्ज जाळीसमोर धरला. कागद उलट्या दिशेने, तिच्याकडे फडफडला. तिने जरा हात सैल सोडला तर तो हातातून निसटून थेट टायरच्या ढिगावर जाऊन पडला.

दमखा त्या ढिगाकडे बघतच राहिला. पंख्याने बाहेरची हवा रेडिएटरमधून आत ओढायला हवी. कागद जाळीला चिकटायला हवा. हा पंखा तर इंजिनची गरम हवा पुढे ढकलत होता. फिरत होता हे खरं, पण उलटा फिरत होता, आणि गरगर फिरणारी पाती कुठल्या दिशेने फिरताहेत हे नुसतं डोकावून कोणाला कळणार?

त्याने फळीवरून नव्या मोटरचा खोका काढला. त्यात आता स्क्रू ठेवलेले होते आणि स्क्रूंच्या खाली कंपनीची चिठ्ठी तशीच घडी घातलेली होती. चष्मा लावून त्याने ती वाचली. जुन्या मोटरच्या वायरी निळी आणि काळी, नवीच्याही निळी आणि काळी. त्याने निळीला निळी आणि काळीला काळी जोडली होती, आयुष्यभर जोडत आला तशीच. नव्या कंपनीने रंग उलटे ठेवले होते आणि तेवढंच सांगण्यासाठी बिचारीने चिठ्ठी घातली होती.

"काय निघालं?" बाईंनी फोन बाजूला धरून विचारलं.

अशा वेळी मिस्त्री लोकांकडे एक हुकमी उत्तर असतं, कनेक्शन लूज होतं. ते दमखाच्या जिभेवर आलंही. त्याने बायकोकडे पाहिलं. ती वाकून टायरच्या ढिगातून अर्ज काढत होती आणि पदराने त्यावरची काजळी पुसत होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

"वायरी मी उलट्या जोडल्या होत्या," तो म्हणाला. "हिच्या पायाचा दोष नव्हता बाई. माझ्या हाताचा होता. आणि हिने मला महिन्यापूर्वी सांगितलं होतं."

बाईंनी फोनवरच्या माणसाला नंतर बोलते म्हणून सांगितलं. दोन महिने त्या जिला क्लचवरून झापत होत्या तिच्याकडे त्यांनी पाहिलं, आणि कपाळावर हात मारून हसत सुटल्या. काकू हसली नाही. पण तिचे खांदे खाली आले, बऱ्याच दिवसांनी. वायरींची अदलाबदल करायला दमखाला पाव तास लागला. पुढे पाऊण तास गाडी जागच्या जागी चालू ठेवली, काटा मधोमध बसून राहिला.

दुपारी रांग नेहमीपेक्षा लांब होती. दमखा मैदानाच्या कुंपणाला धरून उभा होता आणि पांढरी गाडी चढावर थांबली तेव्हा त्याने स्वतःच्या नकळत उजव्या पायाने जमीन दाबली. गाडी तसूभरही मागे सरकली नाही. काकू खिडकीतून पास झाल्याची चिठ्ठी हलवत परत आली, तेव्हा त्याला इतका आनंद झाला की तो शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत सुटला, ती माझी बायको आहे.

बाईंनी संध्याकाळपर्यंत गाडी काकूच्या हवाली केली. काकूने घराकडे वळण घेतलंच नाही, सरळ बहिणीच्या रस्त्याला लागली. दमखा शेजारच्या सीटवर बसला. मांडीवर पर्स होती. अर्ध्या वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी होती, डबे संपता संपेनात. दहा मिनिटं झाली. पंखा सुरू झाला.

"उतरून बघा ना," काकू म्हणाली, "वारा कुठल्या बाजूला जातोय ते."

"काट्यावर दिसतंय की."

"तरी बघा. आणि ही घ्या," म्हणत तिने पास झाल्याची चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

तो उतरला. चिठ्ठी जाळीसमोर धरताच ती टपकन चिकटली. हात सोडला तरी हलेना. भर रस्त्यात तो त्या चिठ्ठीकडे बघत लहान पोरासारखा हसत उभा राहिला. मालगाडी निघून गेली, फाटक वर गेलं, मागच्या गाड्यांनी हॉर्नचा धोशा लावला, तरी हा तिथेच.

काकूने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बसताय, की मी जाऊ?"

तो धावत येऊन बसला. चिठ्ठी जाळीवरच राहिली हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. बहिणीच्या दारात पोचेपर्यंत ती तशीच चिकटून होती, आणि कुबडी टेकत बाहेर आलेल्या बहिणीने सगळ्यात आधी तीच वाचली.