वाघिणीतून सांडलेलं बी

मालगाडीचा रेक लागला की हमाल माल बघायचे. आत्या मात्र वाघिणी रिकाम्या व्हायची वाट बघायची. मग आत डोकं घालून एक मोठा श्वास घ्यायची आणि त्या लोखंडी डब्यालाच विचारायची, "आदल्या खेपेला काय हुतं गं तुझ्यात?" फटीतला दाणादुणा खराट्यानं खरडायची आणि धक्क्यामागच्या आपल्या वाफ्यात टाकायची. जे उगवेल ते उत्तर.

आमच्या उसाच्या मुलखातल्या बेलापूर स्टेशनच्या मालधक्क्यावर ती फाटक्या गोण्या शिवायची. हातात दाभण, कमरेला सुतळीचा गुंडा, बसायला दुमडलेली गोणी. माझे वडील तिथलेच हमाल. सगळ्या हमालांची ती आत्या, म्हणून माझीही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, तोही इतिहासाचा. हे मी कुणी न विचारताही सांगतो. कॉलेजात असताना आमच्या रेल्वे लाइनीचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा वडील म्हणाले, "आत्याकडं जा." आत्यानं मला वाफ्याच्या कडेनं फिरवलं. "ह्या कोपऱ्यात भात आल्ता. पान्याबिगर गेला बिचारा. हितं मका लई माजला हुता. शिमिटाचा रेक आला की काय उगवत न्हाई. खताच्यानं बी न्हाई उगवत, पन उगवलेलं तरारतं." पूर्वी इथून मोसंबीच्या पेट्या आणि गुळाच्या ढेपी जायच्या, आता साखर जाते, हेही तिनंच सांगितलं. वर म्हणाली, "साखर कुटं उगवत न्हाई रं. म्हनून तर आपलं गाव कुनाला ठावं न्हाई."

गेल्या पावसाळ्यात वाफ्यात एक झाड तिच्या डोक्यावर गेलं. सरळ छडीसारखं, पानांना करवतीचे दाते, बारीक पिवळं फूल. कुणालाच ओळखेना. मी मोबाइल धरला, तर त्यानं सकाळी एक नाव सांगितलं आणि संध्याकाळी दुसरं.

"आत्या, गांजा असंल. आत बसशील!" हमाल चिडवायचे.

"बसंन की. आत तरी कुनी वळखंल ह्याला."

दिवाळीनंतर कळलं, धक्का रुंद करून काँक्रीट टाकणार. ट्रक वळायला जागा पुरत नव्हती. वाफा त्यातच जाणार होता. आत्यानं कुरकुर केली नाही. गोण्या प्लास्टिकच्या झाल्यापासून दाभणाला काम उरलं नव्हतं, आणि जामखेडची लेक कधीची बोलावत होती. "जाईन की," ती म्हणाली. "पन ह्याचं नाव कळल्याबिगर माझा पाय निघायचा न्हाई."

जेसीबी आला त्या दिवशी मी नोकरीला आहे त्या नागापूरच्या कंपनीतून रजा टाकून गेलो. आत्या झाडापुढे उभी.

"मौसी, हटो!" ड्रायव्हर वरून ओरडला.

"हटते. आदी सांग, हे काय हाय?"

तो बिहारचा पोरगेला माणूस. वैतागून खाली उतरला, झाडाकडे बघितलं आणि एकदम हसला. एक फांदी मोडून साल ओढली, तशी लांबलचक दोरी निघाली. "पटुआ है, मौसी! हमारे गाँव में खेत के खेत हैं. बोरा इसी का बनता है."

"आत्या, ताग हा. गोणी याचीच होते," मी म्हणालो. "सुतळीसुद्धा."

तिनं कमरेची सुतळी सोडून त्या ओल्या सालीशेजारी धरली. दोन्हींचा वास घेतला. मग झाडाला म्हणाली, "जलम गेला तुजी लक्तरं शिवन्यात. आन सोता दारात आलास, तर वळखलं न्हाई मी!"

वाळलेली बोंडं तिनं पदराच्या गाठीत बांधली आणि बाजूला झाली. "घाल बाबा तुजं मशीन."

जामखेडला रेल्वे नाही. तिथून तिचा फोन येतो, "धक्क्यावर आज काय लागलंय?" मी नागापुरात बसून काय सांगणार? "मग इचार की कुनाला. शिकलायस ना?" आता फाटक पडलं की लोक हॉर्न वाजवतात, मी गाडी बंद करून वाघिणींवर काय लिहिलंय ते वाचत बसतो.

परवा तिचा आवाज फुलून आला होता. "त्या डायवरला सांग, पटुआ उगवला. सगळी गल्ली इचारती, म्हातारे, हे काय लावलंस?"

"मग काय सांगितलंस?"

"सांगती व्हय एवढ्यात! मला कुनी लगीच सांगितलं हुतं?"