जॉबरदादांची उचकी

जॉबरदादांना उचकी लागली तेव्हा माझ्या भिशीत दहा-बारा माणसं जेवायला बसली होती. लाइट गेलेली. हिराआजी ताटावरून अर्धी उठली, दादांच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि ओरडली, "प्यालास! मेल्या, बिरी प्यालास!"

दादा म्हणाले, "शप्पथ आजी, नाही प्या... उचक्!"

हे कुठून सुरू झालं ते सांगते. तोंडाने मला सांगता येत नाही. चार माणसं दिसली की शब्द घशातच बसतात. चौथीपर्यंत शाळा झाली, लिहिता येतं, म्हणून लिहिते.

आमच्या भिवंडीत भिशी म्हणजे बायका पैसे जमवतात ती नव्हे. घरदार गावी ठेवून लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कामाला आलेली माणसं महिन्याच्या बोलीवर एका घरी जेवतात, ती भिशी. कामतघरला चाळीत माझी तशी भिशी होती. मी रांधायचे, वाढायचे, आणि कोणी काही मागितलं की द्यायचे. "नाही" हा शब्द त्या धंद्यात चालत नाही, आणि माझ्या तोंडून तो तसाही निघत नव्हता.

दत्तू जॉबर माझे सगळ्यात जुने जेवणारे. विणकर लूम चालवतो, आणि लूम आजारी पडला की जॉबर त्याला बरा करतो. दादा नुसत्या आवाजावरून सांगायचे की कुठला नट ढिला आहे. स्वतःचा खोकला मात्र त्यांना कधी ऐकू आला नाही. मिसरूड फुटल्यापासून बिडी. एक ओठात, एक कानावर, बाकीचं बंडल खिशात. मग एका पावसाळ्यात उजव्या पायाचा अंगठा काळानिळा पडला.

डॉक्टर म्हणाले, "बिडीने पायाच्या नसा आखडल्यात. बिडी ठेवायची की अंगठा, ते ठरवा."

दादांनी विचारलं, "कमी केली तर? अर्धा अंगठा?"

डॉक्टर म्हणाले, "अंगठ्यानंतर पाऊल असतं."

घाबरून दादांनी बडीशेप सुरू केली. पण बडीशेप खाल्ली की तिच्यावर एक बिडी लागायची. लवंग ठेवली, तिच्यावरही लागायची. शेवटी डॉक्टरच म्हणाले, एवढ्या वर्षांची सवय एकट्याने सुटत नाही, सोबत सोडणारा कोणी शोधा.

दादांनी भिशीतच शोध सुरू केला. रामखिलावन नावाचा विणकर होता, माझ्या भाकरीच्या नादाने आमच्यात आलेला. दादा त्याला म्हणाले, "भैया, साथ में छोडते हैं."

तो म्हणाला, "बिलकुल छोडेंगे दादा. पहले आप छोडो. कैसा लगता है बताना."

बाकीच्यांची तऱ्हा तीच. हे सगळं हिराआजी दारात बसून ऐकत होती. आजी भिवंडीजवळच्या दापोड्याची. तिथल्या शेतांवर गोदामं उभी राहिली तशी तिच्या पोरांनीही उभी केली. पैशाला तोटा नव्हता. पण आजी म्हणायची, "घरान बसून काय करू? गोदामाला राखन बसू?" म्हणून ती रोज रिक्षाने कोळंबीची पाटी घेऊन कामतघरला यायची, आणि दुपारी माझ्या उंबऱ्यावर बसून बिडी प्यायची. तिच्या बोलीत बिडीची बिरी होते.

आजी म्हणाली, "जॉबर, मला पन सोरायची हाय. नातसून पनतीला हातान देत न्हाय. म्हनते, तुमच्या तोंडाला वास येतो."

दादा हसले. "आजी, तुम्हाला काय जमणार?"

"कंला न्हाय जमनार? बाईमानसाची बिरी काय साखरेची असते?"

झालं. जोडी जमली. दोघांनी आपापल्या काडेपेट्या माझ्या हवाली केल्या. मी त्या रव्याच्या डब्यात ठेवल्या. मागतील तरी द्यायच्या नाहीत, हे माझं काम. "नाही" म्हणायचं काम मलाच दिलं, यावर अख्खी भिशी हसली.

जो बिडी पिईल त्याला दंडही ठरला. आजीची पाटी डोक्यावर घेऊन, कोळंबी-कोळंबी ओरडत अख्ख्या कामतघरातून फिरायचं.

तेव्हा मोबाइल नवेनवे होते. आजीच्या मुलाने तिला एक घेऊन दिला होता. तलप आली की दादांनी तिला मिस कॉल द्यायचा, म्हणजे तिला कळेल, असं ठरलं. पण मिस कॉल ही वस्तू आजीला कधी समजली नाही. रिंग वाजली की ती उचलायचीच, आणि "हॅलो"च्या आधी म्हणायची, "टाक ती, मेल्या! अंगठा बग आपला!" दादांचा बॅलन्स भराभर संपायचा, पण बिडी पेटायची नाही. उलट आजीला तलप आली की ती बाजार सोडून थेट लूमच्या दाराशी जायची आणि खडखडाटात दादांना शिव्या घालायची. दादा आतून परत घालायचे. दहा मिनिटांत दोघांची तलप निवायची. एक शेठ एकदा मला म्हणाला, "वहिनी, ही आजी जॉबरची कोण लागते?" मला सांगता आलं नाही. अजून सांगता यायचं नाही.

सगळ्यात कठीण वेळ लोडशेडिंगची. लाइट गेली की लूम बंद, लूम बंद झाले की कामगार बाहेर, आणि बाहेर आले की सगळ्यांच्या तोंडात बिडी. त्या वेळी दादा लगबगीने माझ्या भिशीत येऊन बसायचे. असं करत पावसाळा सरला. अंगठ्याचा काळेपणा थांबला. डॉक्टर म्हणाले, "असंच चालू द्या. आता एक जरी ओढली तरी मी जबाबदार नाही."

आता उचकीच्या दिवसावर येते.

सकाळचं आवरलं होतं. जेवणारे यायला अवकाश होता, म्हणून मी तव्यावर मिश्री भाजायला घेतली. तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि बोटाने दातांना लावायची. माझी आई लावायची, सासू लावायची, मीही लग्नाआधीपासून लावत होते. तेवढ्यात वेळ नसताना लाइट गेली. लूम थांबले, आणि गल्लीत चपलांचा आवाज आला. जेवणारे लवकर आले!

बायामाणसांची वस्तू पुरुषांसमोर कशी ठेवायची? मी घाबरले, आणि तव्यावर एक भाकरी पालथी घालून झाकली. मग डाळ आणायला आतल्या खोलीत गेले.

पण दादांना टोपल्यातली भाकरी चालत नसे. ते नेहमी तव्यावरची स्वतःच्या हाताने उचलून घ्यायचे. आमच्या खोलीला खिडकी नाही. दारातून येईल तेवढाच उजेड, त्यात तव्यावरचं कोणाला काय दिसणार? मी डाळ घेऊन आले तोवर त्यांची निम्मी खाऊन झाली होती.

"वहिनी, आज भाकरी करपलीय," दादा म्हणाले. "पण चव काय आहे हो! पावसाळ्यापासून असं पोट भरल्यासारखं वाटलं नव्हतं."

मी तव्याकडे बघितलं. भाकरीला चिकटून मिश्रीही गेली होती. दादांनी उरलेली भाकरीही संपवली, बोटं चाटली, आणि मग लागली उचकी. कपाळाला घाम फुटला. आजीही त्या दिवशी जेवायला बसली होती. वर लिहिलं तशी ती उठली.

"वास येतो तुज्या तोंडाला! उचक्या लागल्यान! मी तिकरं पनतीसाठी जीव मारतंय, आनि तू लपून पितंस?"

"आजी, उचक्... आईची शप्पथ!"

"आईला मधी नको घेव! पाटी उचल!"

रामखिलावन म्हणाला, "दादा, मान जाओ. हम किसी को नहीं बताएंगे." सगळी भिशी तिथेच बसली होती.

दादांचा चेहरा पडला. मग ते चिडले. "एवढे दिवस जीव मुठीत धरून काढले, आणि मी खोटा? उचक्! खोटाच ठरायचं तर पिऊन ठरतो. रामखिलावन, बिडी काढ!"

त्याने काढली. दादांनी ओठात धरली आणि माझ्यापुढे हात केला.

"वहिनी, माझी पेटी द्या."

रव्याचा डबा माझ्या हाताशी होता. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी दादांच्या अंगठ्याकडे.

"नाही," मी म्हटलं.

"काय?"

"मिश्री होती."

"काय म्हणताय? मोठ्याने बोला, उचक्!"

"तव्यावर माझी मिश्री होती!"

लूम चालू असते तर एवढा आवाज शेजारच्या खोलीतही गेला नसता. पण लाइट नव्हती, आणि सगळं कामतघर गप्प होतं. नळावरच्या बायका दाराशी आल्या. आमचे हे तिसऱ्या गल्लीतल्या सायझिंगमधून, सुताला खळ लावतात तिथून, बाहेर आले, त्यांनाही ऐकू गेलं होतं.

दादांच्या ओठातली बिडी डाळीच्या वाटीत पडली. आजी आधी हसली, मग माझ्याकडे वळली.

"सुमन, तू पन तमाकू खातंस?"

"खात नाही आजी. मिश्री दात घासायची असते."

"दिसाला किती येला घासतंस?"

"चार-पाच."

"तुजे दात हायत का देवाची तांब्याची भांडी?"

 खरं म्हणजे मिश्री ही तंबाखूच, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्हा बायकांत कोणाच्याच येत नाही. आजीने तिथेच निकाल दिला. आता दोन नव्हे, तीन जण सोडणार. आणि दंडाची पाटी माझ्या डोक्यावर.

भर गल्लीत ओरडायचं, आणि तेही मी? पण दादांना मी तंबाखूची भाकरी चारली होती. नाही कसं म्हणणार? त्या दिवसाचं "नाही" मी वापरून बसले होते.

पाटी डोक्यावर घेऊन निघाले. एका बाजूला आजी, मागे उचक्या देत, लंगडत दादा. पहिल्या गल्लीत माझ्या हाकेला फक्त एक मांजर आलं.

आजी म्हणाली, "मांजराला उधार न्हाय. मोठ्यानं वरड! मिश्रीच्या येलेला कसा निंगाला आवाज?"

तेवढ्यात लाइट आली. लूम धडधडायला लागले. कानाजवळचंही ऐकू येईना. मला धीर आला. आता ऐकतंय कोण? आयुष्यात पहिल्यांदा मी घसा फोडून ओरडले, "कोळंबी घ्याऽऽ, ताजी कोळंबीऽऽ!" मला ते आवडलंच. डोळे मिटून आणखी ओरडले. आणि माझ्या नकळत लाइट परत गेली.

डोळे उघडले तेव्हा दारादारात माणसं उभी होती. वरून एका बाईने विचारलं, "केवढ्याला वाटा?"

पाटी रिकामी झाली. आजी म्हणाली की तिची पाटी कामतघरात इतक्या लवकर कधी संपली नव्हती, उद्या पण ये. मी मान हलवून नाही म्हटलं.

दादांचा अंगठा राहिला. नख गेलं ते गेलं. आजीला पणती हातात मिळाली. पणतीची कोळंबीच्या वासाला हरकत नव्हती. रामखिलावन अजून "पहले आप" म्हणतो. मिश्री सोडताना मी तलप आली की तव्यावर चिमटा वाजवायचे, आणि दादा भिंतीपलीकडच्या आपल्या खोलीतून ओरडायचे, "वहिनी, भांडी चकचकीत आहेत!" तव्याला खड्डे पडले, पण सुटली.

व्यसन सोडायला सोबती शोधायचा तर भांडकुदळ शोधावा. गोड माणूस म्हणतो, आजचा दिवस एक घे. आणि भिशी चालवायची असेल तर भाकरीच्या तव्यावर भाकरीशिवाय काही ठेवू नये.